पाण्यावर ओणवं झाड

उद्यानात ॲशची आठ झाडं. पाचूच्या रंगाचा भुंगेरा
गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावापर्यंत आला होता,
यंदा आमच्याकडे. सालीवर बारीक अर्धचंद्र,
शेंड्याला टक्कल.

स्वस्त उपाय असा की औषध बादलीत कालवायचं,
बुंध्याशी ओतायचं, मुळं पितील.
“मुळांच्या आधी कोण पितं?” च्यू वांगनं विचारलं.
तो पोरांना घेऊन धक्क्यावर मासे धरतो,
धरलेले घरी नेऊन खातो,
त्याला असले प्रश्न पडायचेच.

आर्डिस टोलेफसन काही बोलली नाही.
कपडे वाळत घालायची दोरी आणली,
बुंध्यापासून तळ्यापर्यंत ताणून धरली.
मधे उतार, वाळू, हंसांची घाण,
आणि सत्तावीस पावलं.

मग ठरलं, खोडातच टोचायचं.
सुई महाग. सफरचंदाचे केक विकले,
जुन्या सायकलींचा लिलाव केला,
जमले ते तीन झाडांपुरते.

तीन कुठली, यावर बैठक लांबली.
आर्डिसचं झाड सगळ्यांना ठाऊक:
ते पाण्यावर ओणवं झालेलं,
ज्याच्या फांदीवरून तिनं नवव्या वर्षी सूर मारला
आणि ज्याच्याखाली हॅरल्डनं
खिशातून अंगठी काढता काढता तळ्यात पाडली.
(पितळेचीच होती, असं ती अजून म्हणते.)
आम्ही आधीच माना डोलावून ठेवल्या होत्या.

ती म्हणाली, “ते नको.
सुईतलं पानांत चढतं.
त्याची पानं ऑक्टोबरात कुठं पडतात,
बघितलंय ना?”

कुणी हू की चू केलं नाही.
वही माझ्याकडे होती. मी लिहिलं: एक झाड वगळले.
‘वगळले’ खोडावं असं वाटलं, दुसरा शब्द सुचेना.

दोन हिवाळे ते उभं होतं, दुसऱ्यात नुसतंच उभं.
फेब्रुवारीत, तळं गोठलेलं असताना,
करवतवाल्यांनी ते बर्फावर आडवं केलं,
बुंधा तारेनं काठाला बांधला.
आर्डिस मोटारीत काच वर करून बसली होती.
एप्रिलमध्ये बर्फ सैल झाला तसं
एका रात्रीत, आवाज न करता,
झाड खाली गेलं.

आता फांद्यांमध्ये मासळी लपते.
च्यूची धाकटी माय सी तिथंच गळ टाकते,
आणि सापडलेल्या प्रत्येक माशाचं पोट
फार निगुतीनं चिरते.
पितळेचीही चालेल, म्हणते.