नातं या रकान्यात

सांगे मागे पडलं, तसे फोनमधले दांडे एकेक करून गळाले
आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या बारा माणसांना
खिडकीबाहेर बघावं लागलं.
नानांचा पंचाहत्तरावा.
हेमांगी फोनवर म्हणाली होती,
"यादी त्यांनी स्वतः केलीय, तुझं नाव तिसरं आहे."
मी विचारलं, उन्मेषला चालेल?
"त्याचं सातवं आहे," ती म्हणाली.

घर नेत्रावळीच्याही पुढे, तांबडी वाट संपते तिथे,
कुळागराच्या पोटात.
वर पोफळी, पोफळींना बिलगलेल्या मिरवेली,
खाली पाटाचं पाणी, कोणी अडवत नाही तोवर चालणारं.
पोरांनी ते अडवलंच.
पुतू वेळीप कोयता खांद्यावर टाकून आला,
"सोडा रे, सकयल केळी तानेल्यात."
तान म्हणजे तहान, हे ओजसला मी सांगायच्या आत
त्याच्या बापानं सांगितलं.
मग आम्ही दोघं
पाण्याकडेच बघत राहिलो.

खोल्या वाटताना सगळ्यांनाच एकदम खोकला आला.
जोडप्यांना खोल्या, पोरांना माळा,
नानांना न्हाणीजवळची,
उन्मेष व्हरांड्यात, खाटेवर.
आणि मी?
हेमांगीच्या हातातला कागद दोनदा उलटा झाला, दोनदा सुलटा.
शेवटी सुपारीच्या खोलीत माझी गादी पडली.
एका भिंतीला पोती, एका भिंतीला मी.
सालींचा वास रात्रभर,
कुणाच्या तरी बंद कपाटासारखा.
झोप मात्र लागली. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी काजूची बोंडं, मळणी, निरो.
ओजसनं पेल्यातला अर्धा प्यायला, अर्धा शर्टवर घेतला.
मी साबण, लिंबू, मीठ सगळं करून पाहिलं.
शेवंती पायरीवर बसून हसत होती,
"धुवू नाका गो. हंगाम सोंपलो काय दागूय वता."
दुपारी तळ्यावर गेलो.
टाळी वाजवली की तळातून बुडबुडे येतात म्हणे.
पोरांनी हात लाल होईतो वाजवल्या,
मोठ्यांनी जरा लाजत.
बुडबुडे आले, पण त्यांच्या सवडीनं.
कुणाच्या टाळीला आले, यावरून परतीच्या वाटेवर भांडण.

रात्री वीज गेली. मेंढीकोटाचा डाव अर्धवट.
अंधारात नानांची हाक आली, "सूनबाई, गोळ्या."
दोन ठिकाणी पायांचा आवाज झाला.
कृत्तिका धडपडत कंदील शोधायला गेली,
मी थेट त्यांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला.
अर्धी खरखरीत, एक गुळगुळीत.
पाच वर्षांनी बोटांना पाठ होतं.
त्यांनी पाणी प्यायलं, पेला परत दिला,
कोणी दिलं ते विचारलं नाही.
कंदील आला तेव्हा मी सुपारीच्या खोलीत होते.

निघायच्या सकाळी पुतूनं रजिस्टर आणलं.
नाव, गाव, वय, नातं.
तीस वर्षं जमाखर्च लिहिलेल्या हातानं
नानांनी बारा नावं ओळीनं उतरवली, यादीतल्याच क्रमानं.
शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.
आम्ही सगळे बॅगांच्या चेनी लावू लागलो,
लागलेल्यासुद्धा.
मग त्यांनी एक पासून बारापर्यंत
एक लांबलचक महिरपी कंस काढला,
थरथरता, मध्ये जरा फुगलेला,
आणि टोकाशी लिहिलं: कुटुंब.
तिसऱ्या ओळीला वगळून असा कंस काढता येत नाही.
ते यादी करतानाच त्यांना ठाऊक असणार.

सांग्याजवळ फोनमध्ये दांडे परत उभे राहिले.
सगळ्यांच्या माना खाली गेल्या.
ओजस माझ्या मांडीवर झोपलेला, शर्टवर तपकिरी डाग.
पुढच्या सीटच्या पाठीवर उन्मेषचा हात,
बाहीवर तसाच एक.
हंगाम संपायला
अजून महिना आहे.