सहा हातांवरून

आचऱ्याच्या खाडीकाठी, जाळ्यांच्या मांगरात
दोघांचा वाद माझ्या जन्माच्याही आधीचा.
एक बाबल मेतर: लाठी, पट्टा, आणि तोंडात कायम पान.
दुसरा इस्माईल सोलकर, कुवेतहून परतताना
एक काळा पट्टा आणि जपानी आकडे घेऊन आलेला.
इच, नी, सान, शी...
मांगरामागे आम्ही पोरं मोजायचो
आणि सुकत घातलेले बांगडे ऐकायचे.

इस्माईल मंगळुरी कौलं फोडायचा, एकावर एक पाच.
बाबलकाका पिंक टाकून म्हणायचे,
"कौलां काय उलटी मारतत?"
"आणि तुमची लाठी कोणाला लागलीय,
शिमग्यातल्या ढोलवाल्याशिवाय?"
ढोलवाला तिथंच बसलेला असे. मान हलवे.

काकांची तालीम म्हणजे ओहोटीचं पाणी.
गुडघाभर उभं राहायचं, डोळे मिटून.
लाट टाचेखालची वाळू उकरून नेई
तरी हलायचं नाही. तासभर. कधी दोन.
"काय शिकलंस?"
"पाय गार पडले."
"मगे अजून कायच शिकलंस नाय. उभो ऱ्हव."
इस्माईलकडे निदान घाम यायचा,
निदान कळायचं, लाथ कालच्यापेक्षा वीतभर वर गेली.
मी दोघांकडे जायचो, दोघांपासून लपवून.
उजवा पाय कराटेचा, डावा पाण्यातला.
चालताना अजून जाणवतं.

काका म्हणत, बेंबीखाली चार बोटांवर एक विहीर आहे.
श्वास तिथून शेंदायचा. ती भरली
की हात न लावता समोरचा आडवा होतो.
इस्माईल हसला, "माणूस राहू दे.
मेणबत्ती विझवून दाखवा."

त्या रात्री फटींत गोणपाटं कोंबली.
लाठीनं सहा हात मोजले.
मेणबत्ती धरायला मी:
अकरा वर्षांचा, नाक चोंदलेला, भरवशाचा.
काकांनी तळवा उघडला.
कोणी खोकलंसुद्धा नाही.
तळवा थरथरायला लागला, आणि तो थरथरलेला
मला बघवेना.
मी ओठ जरासे उघडले.

मांगर ओरडला. कोणीतरी नारळ फोडला.
इस्माईल गप्प. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला,
"ज्योत तुमच्याकडे वाकली, काका.
जोर तुमचा असता तर पोराकडे वाकली असती."
काकांनी पान चावलं. बराच वेळ चावलं.
"मी ढकलूक नाय," म्हणाले. "ओढलंय."

पुढची तीस वर्षं गाव यावरच भांडलं,
ढकलणं मोठं की ओढणं.

एका सप्टेंबरात रापणीला बांगड्याची रास लागली,
माणसं कमी, समुद्र जाळं सोडेना.
काका शहात्तरीचे. येऊन दोरीच्या शेवटाला उभे राहिले,
टाचा वाळूत रोवून, डोळे मिटून.
त्यांच्या पुढं इस्माईल.
जाळं आलं. तसं ते येतंच, माणसं ओढतात म्हणून.
पण इस्माईल संध्याकाळी चहा गार करत बसला.
"मागून काहीतरी आलं, दोरीतून," म्हणाला.
"मी त्याला नाव देणार नाही."
मी विचारलं नाही. माझा अधिकार नव्हता.

ओरोसच्या इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात,
काकांनी मला जवळ बोलावलं.
"त्या राती तू कांदो खाल्लेलंस."
नळीतून थेंब पडत होते. मी ते मोजले,
इच, नी, सान.
"इस्माईलाक सांगू नको," म्हणाले.
मग थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून,
"पण ता अगोदर माका काय तरी झाला होता. हाताक.
तू फुकूच्या अगोदर."

आता शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतल्या मुलींना
पाण्यात उभं करतो. विहिरीबद्दल बोलत नाही.
इस्माईलचाचा येतात, सत्तरीचे, पॅन्ट दुमडून,
किनाऱ्यावरून आकडे म्हणतात.
काल एकीनं विचारलं, "सर, हे कशासाठी?"
मी तोंड उघडलं,
आणि मिटलं.
लाट आली. टाचेखालची वाळू गेली.
पाय गार पडलेत. अजून.