हातचा

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं:
दिवस आठवा. परतीचा प्रवास.
जेवण समाविष्ट नाही.

पेठनाक्याला बस डावीकडे वळली
आणि पहिल्याच खड्ड्यात सगळे जागे झाले.
"आलं आपलं गाव," खुडे सर म्हणाले,
मानेभोवतीची विमानातली उशी न काढता.

साताऱ्याला चार उतरले होते, कराडला पाच.
नाक्यावर शिराळ्याचे तिघे
भाच्याच्या जीपमध्ये बॅगा चढवताना
एकमेकांना पुन्हा सर, मॅडम म्हणू लागले,
जे हनोईत आठवडाभर
बापू आणि सुमी होते.

सरवदे सर उभे राहिले, हजेरी घ्यायला.
तिकडे प्रत्येक देवळापाशी, प्रत्येक बोटीत
हवेत बोट नाचवत त्यांनी आम्हाला मोजलं
आणि दर वेळी बावीस भरले.
दर वेळी पळापळ, कोण राहिलं, कोण राहिलं,
मग कुणीतरी त्यांच्याच छातीला बोट लावायचं.
तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस.

तसं तिथलं गणितच वेगळं.
नारळपाणी चाळीस हजारांना,
पतसंस्थेच्या कर्जावर आलेलो आम्ही
विमानतळाच्या दारातच लक्षाधीश.
एक नोट उरलीय पर्समध्ये, दहा हजारांची.
चौथीच्या वर्गात दाखवेन, शून्यं मोजा म्हणेन,
मग सांगेन, एवढ्यात
आपल्या स्टँडवर दोन वडापाव येतात.
हप्ते मात्र आपल्याच रुपयांत. चोवीस.

काय पाहिलं, घरी विचारतील.
पाण्यातले डोंगर सांगेन, फोटो आहेत.
पण सिग्नलला बस थांबली,
भिंतीपलीकडे शाळा होती,
आणि घंटा झाली.
कुठल्या कोण पोरांसाठी झालेली घंटा
आणि आम्ही तेवीस जण
बोलता बोलता एकदम गप्प.
खुडे सरांनी तर मुठीतलं भडंग
परत पुडीत टाकलं.
हे कसं सांगायचं?

इस्लामपूरला शमशाद मुल्ला उतरल्या.
अठरा वर्षं एकाच केंद्रात,
दर परिषदेला शेजारच्या खुर्चीवर,
आणि मला माहीत नव्हतं
की त्या बाथरूमचा दिवा लावून,
दार चार बोटं उघडं ठेवून झोपतात.
पहिल्या रात्री मी उठून तो बंद केला.
त्यांनी न बोलता परत लावला.
दुसऱ्या रात्री मी कुरकुरले.
तिसऱ्या रात्री त्यांनी सांगितलं:
पुराच्या साली, वाळव्यात, माळ्यावर,
मेणबत्ती संपल्यानंतरच्या दोन रात्री
पाणी किती पायऱ्या चढलं ते
नुसतं ऐकून मोजायचं होतं.
"नवी पायरी लागली की आवाज बदलतो, बाई."
एवढंच. मग भिंतीकडे वळून झोपल्या.

स्टँडसमोर मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता.
बॅग टाकीवर, बांबूची टोपी बॅगेवर,
आणि मागच्या सीटवर त्या, एका अंगाने.
"सोमवारी ते प्रपत्र भरून आणा,"
त्या म्हणाल्या.
"आणते," मी म्हणाले.
दुसरं काही सुचलं असतं तर
दोघीही रस्त्यावर रडलो असतो,
आणि मागे एसटी हॉर्न वाजवत होती.

बस हलली. सरवदे सर परत मोजू लागले.
"नऊ."
स्वतःला धरून. पहिल्यांदाच बरोबर.
कुणी टाळी वाजवली नाही.
त्यांनी बोट खाली घेतलं, परत वर केलं,
पुन्हा मोजलं,
हातचा एक घ्यायचा राहिलाय
असं तोंड करून.

आष्ट्यापुढे उसाच्या ट्रॉल्या आडव्या. अर्धा तास.
कुणी गाणं म्हणा म्हटलं नाही.

विश्रामबागेत हे स्कूटर घेऊन आले होते.
"वजन वाढलंय," म्हणाले.
बॅगेचं की माझं, मी विचारलं नाही.

रात्री साडेअकराला हे पाणी प्यायला उठले.
"बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवलाय?"
"असू दे," म्हटलं,
आणि भिंतीकडे वळले.