मोकळं वजन

मानवतच्या मार्केट यार्डामागं आमचा धर्मकाटा, साठ टनी.
केबिनीत मी, मुंजाजी होगे,
तेवीस वर्षं एकाच खुर्चीत. खुर्च्या मात्र चार झाल्या.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेलं वजन, मोकळं वजन,
वजाबाकी करायची, पावती फाडायची.
कापूस किती ओला आणलाय
हे मला टायराकडं पाहून कळतं.

परभणीत डॉक्टर काबरांनी मलाच चढवलं काट्यावर.
चौऱ्याण्णव.
"चाला," म्हणाले, "रोज. पाऊण तास."
गोळी लिहून दिली नाही
म्हणून वच्छलाला ते डॉक्टरच वाटेनात.

बूट आणले. पांढरे.
काळ्या मातीच्या गावात पांढरे बूट!

पहिल्या दिवशी पाथरी रोडनं निघालो,
पोस्टापर्यंत तीन गाड्या थांबल्या.
"कामून पायी? गाडी बिघडली का काय?"
"बसा की, सोडतो."
"होगे मामा, काही झालं का घरी?"
चौथा खय्यूम. शाळेपासूनचा. त्याला नाही म्हणवेना.
त्याच्या मागं बसून फिरायला गेलो,
त्याच्याच मागं बसून परत आलो.
मधे त्यानं भजे खाऊ घातले.

मग कालव्याची वाट धरली.
तिथं बाभळी, होले,
आणि पाणी सुटायची वाट बघणारी एक म्हैस.
तिनं काही विचारलं नाही.

महिन्यानं, सकाळी, यार्ड उघडायच्या आत
मी आमच्या काट्यावर उभा राहिलो.
साठ टनाच्या त्या पाटावर एकटा,
जसा एखाद्या ट्रकातून पडलेला दाणा.
आत येऊन आकडा पाहिला तर शून्य.
मी उतरलो होतो ना!
तेव्हापासून लिंबाजी वॉचमन आकडा वाचतो
आणि खिडकीतून ओरडतो: नव्वद!

आमचा काटा दहा-दहा किलोनंच बोलतो.
चौऱ्याण्णव असो की शहाऐंशी,
त्याच्या लेखी नव्वद.
"घरी छोटा काटा घेऊ," प्रणाली म्हणाली.
नको म्हणालो.
काटेवाल्यानं दुसऱ्याच्या काट्यावर का भरवसा ठेवावा?

नव्वद.
पुढच्या महिन्यात नव्वद.
मग लग्नसराई आली. अकरा लग्नं, आठ वाङ्निश्चय,
एका बारशात दोनदा जेवलो.
बूट पलंगाखाली गेले, एकात उंदरानं कापूस भरला.
वैशाखात सहालाच ऊन चावतं, हे कारण खरं होतं.
भिंतीला पाठ लावून झोपणंही खरं होतं.

परत कसा निघालो, ठरवून नाही.
एका ट्रकाचं मोकळं वजन लिहिताना हात थांबला.
म्हटलं, या गावातल्या प्रत्येक गाडीचं
मोकळं वजन मला तोंडपाठ आहे.
माझं किती?
मी शेवटचा मोकळा कधी होतो?
बूट झटकले. उंदराचा कापूस ठेवला बाजूला,
तोही कुणाचा तरी संसार.

आता पाथरी रोडनंच जातो. उजळ माथ्यानं.
चप्पलवाल्याकडं पट्ट्याला एक भोक पाडून घेतलं,
मग दुसरं.
काट्याला ते कळत नाही. पट्ट्याला कळतं.
वच्छलालाही कळलं असावं,
भाकरी तीनवरून दोनवर आली
आणि ती काहीच बोलली नाही.

परवाची गोष्ट.
रात्री पोट बिघडलेलं, पाय जड, वारं उलटं.
खरंच वाटलं, आज कुणी थांबावं.
कुणी म्हणावं, बसा.
तीन गाड्या गेल्या.
शाळेच्या मास्तरांनी हात केला,
दूधवाल्यानं भोंगा वाजवला,
खय्यूम तर नुसता हसला. थांबला नाही.
गावानं मला चालणारा म्हणून मान्य केलं होतं.

मनातल्या मनात शिव्या देत
यार्डापर्यंत आलो. पाटावर उभा राहिलो.
आत लिंबाजी बराच वेळ गप्प.

"काय रे?"
"थांबा, हालू नका," तो म्हणाला.
"आकडा ठरंना गेलाय."