किरकोळ

वीज असेल त्या दुपारी मी अमेरिकेतली
अठराशे अकरा सालची मतं उतरवते.
डिचोली बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या माडीवर,
ओळीला ऐंशी पैसे.

पडद्यावर तपकिरी कागद.
कुठल्याशा गावच्या कारकुनाने
बोटं फुंकून फुंकून लिहिलेला:
गव्हर्नरपदासाठी जोशुआ थॅचर, एकशे बारा.
जोशुआ थॅकर, नऊ.
जे. थ्याचर, दोन.
सूचना आहे: दिसतं तसं घ्या, सुधारू नका.
म्हणजे एकच माणूस तीन जागी उभा राहतो
आणि स्वतःचीच मतं खातो.

मतदार सगळे पुरुष, जमीनवाले.
तसं कागदावर कुठेच नाही,
लिहायची गरज पडली नसणार.

खालून खाणीचा ट्रक गेला की थॅचर थरथरतो.
संध्याकाळी कीबोर्ड पुसावा तर फडकं तांबडं.

यादीच्या तळाशी ठरलेला रकाना: किरकोळ.
आज त्यात इझ्रा पूल. मत एक.

बाबा पंचायतीला उभे होते. वॉर्ड चार, निशाणी कंदील.
घरात मतं चार, पेटीत निघालं एक.
शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांनी वाचलं,
"बाबुसो गावस, एक,"
कुणी हसत विचारलं, परत मोजूया?
बाबा म्हणाले, नाका.
घरी येऊन चहात पाव बुडवून बसले,
पाव विरून तळाशी गेला तरी.
आई चुलीकडे, काका-काकी दारात.
एवढं गप्प जेवण आमच्याकडे श्राद्धालाही झालं नव्हतं.

खूप वर्षांनी, इस्पितळात, मोसंबं सोलताना म्हणाले,
आपल्याच नावापुढे शिक्का मारायची लाज वाटली गो.
धाकू च्यारीला दिलं.

मग ते एक कोणाचं?

त्यांनी बिया तळहातावर घेतल्या, मोजल्या.
आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

इझ्रा पूल मी मोठा करून बघते.
शेवटी ल असेल, ट असेल.
"वाचता येत नाही" टाकायची मुभा आहे,
त्याचेही ऐंशी पैसेच.
पण कुणीतरी चिखल तुडवत जाऊन
हे नाव चिठ्ठीवर लिहिलं,
घडी घातली,
आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

पूल, मी टाइप करते. एक.
खाली कंडक्टर ओरडतो, साखळी, साखळी,
आणि वीज जाते.