कांडी

डॉक्टर तांबोळींनी ओठ वर करून दाखवलं.
डाव्या हिरडीला, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं.
पुण्याला नेलं तर जबडा थोडा कापतील, म्हणाले,
मग इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी.
नाहीतर हे थेंब. दुखणार नाही एवढं बघू.
वय किती?
मी मागांच्या हिशेबानं सांगितलं:
आमचे चार माग भंगारात गेले
त्या वर्षी सुताच्या खोक्यात सापडली,
रिकाम्या कांड्यांत, कांडीएवढीच.
म्हणजे सोळा. की सतरा.

येताना पिशवीतून ओरडली नाही.
अशोक चौकात रिक्षावाला म्हणाला,
मांजराला कुणी दवाखान्यात नेतं व्हय, मावशी?
नेतात की, म्हटलं.

नरसय्यांना बार्शीला नेलं होतं.
सगळ्याला हो म्हणालो आम्ही,
मी, दीर, नणंदेचे मालक,
पॅसेजमध्ये, चहाचे कप हातात धरून.
आत ते एकटेच, जागे.
त्यांना विचारायचं राहिलं.
शेवटी पेजसुद्धा नळीतून,
आणि बोटं चादरीच्या काठावर
तुटलेला धागा शोधत.

हैदराबादहून श्रीनिवास म्हणतो, पैशाचं बघू नको, आई.
पैशाचंच बघत होते का मी?
सत्तर हजार ऐकल्यावर
जरा सुटल्यासारखं वाटलं, ते कशामुळं?
श्रीनिवासला हे सांगितलं नाही.
तुलाही नाही, कांडे.

भाकरी दुधात कुस्करून, बोटावर.
उजव्या बाजूनं खाते. दोन घास.
मग न्हाणीच्या ओल्या फरशीला पोट टेकून पडते,
बाहेर त्रेचाळीस.
तेलुगूत विचारलं, मराठीत विचारलं:
सांग की गं, काय करू?
तिनं माझ्याकडं नाही, पालीकडं पाहिलं.
अजून पाहते.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. थेंबच, म्हटलं.
ते बरं म्हणाले, लगेच.
इतकं लगेच म्हणायला नको होतं त्यांनी.
कॅलेंडरवर पुण्याच्या तारखेभोवतीचा गोल
तसाच राहू दिलाय.

आज पाण्याचा पाचवा दिवस.
रात्री दोनला येतं, कधी तीनला.
आधी नळात हवा येते, माणसाला न ऐकू येणारी;
इतकी वर्षं तीच उठवते मला,
पायाच्या बोटाला दात लावून.
घागरी मांडून ठेवल्यात.
दहाला थेंब दिलेत.
अंधारात बसलेय,
तिच्या कानाकडं बघत.