दोन मिलिमीटरची चाळण

नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्रँकलिनपासून वर, वळणावळणाची पंचवीस मिनिटं,
मग रस्ता संपतो
आणि व्हर्लिन लेडफर्ड गाडीतून कुदळ काढतो.
त्याचे आजोबा याच डोंगरावर झाडं तोडायचे.
तो माझ्यासाठी खड्डे खणतो, तासाला अठरा डॉलर.

आम्ही जंगल मोजतो.
म्हणजे वर फारसं बघत नाही.
वर हेमलॉक उभे आहेत, मेलेले, करड्या काठ्या;
त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत.
माझं काम खाली: पाचोळा, मग काळा थर, मग तांबूस,
मग खडक, ज्यावर कुदळ खणकन वाजते
आणि व्हर्लिन म्हणतो, "बँक बंद."

प्रयोगशाळेत माती वाळते, चाळली जाते,
पांढऱ्या वाटीत साडेपाचशे अंशांवर रात्रभर जळते.
सकाळी पुन्हा वजन.
जे नाहीसं झालं, तेच साठलेलं होतं.
हे मी नव्या मुलांना शिकवते
आणि ती लिहून घेतात, न दचकता.

ऑक्टोबरात सात नंबरच्या प्लॉटचं कॅल्शियम चौपट आलं.
फॉस्फरसही.
यंत्र तपासलं, ॲसिड तपासलं, माझंच अक्षर तपासलं.
मग उरलेली पिशवी चाळणीवर ओतली:
मुळं, अभ्रक, खारीनं कुरतडलेलं ओकचं टरफल,
आणि तीन कण, पांढरे, हलके, सच्छिद्र,
जे दगड नव्हते.

आमच्याकडे याला सावडणं म्हणतात.
बाबांच्या वेळी पुरुष गेले होते,
मी घरी, दारात, चपला मोजत.

व्हर्लिनला मी विचारलं नाही.
त्यानंच, गाडीत, समोरच्या काचेकडे बघत:
"लोरीनला ती जागा आवडायची. झऱ्याच्या वरची.
तुझे आकडे बिघडले का?"

बिघडले.
पंधरा पावलांवर नवा खड्डा घेतला. त्यानंच खणला.
तक्त्यात सातच्या पुढे कारणाचा रकाना,
त्यात भरायचा ठरलेला शब्द: दूषित.
कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी लिहिलं, बाहेरून आलेली भर.

ते तीन कण एका बाटलीत, लेबल न लावता,
मंगळवारी परत नेले.
पाचोळा हातानं सारला, ठेवले,
पाचोळा पुन्हा वरून.

इथं काय किती वर्षं टिकतं
याचा एक आकडा आहे माझ्याकडे.
व्हर्लिन कुदळ पुसत होता.
त्यानं विचारला नाही.